क्षिप्राचा डोंगर

"अजून कुणाला सांगू नकोस हं," असं क्षिप्राने नवऱ्याला बजावलं होतं. रुचिरने ते पाळलं. म्हणजे फक्त ऑफिसात, मराठी मंडळाच्या ग्रुपवर आणि पुण्याला आईला सांगितलं.

क्षिप्रा परदेशात, क्लेमेंटीतल्या फ्लॅटमध्ये बसून ग्वाटेमालाच्या जंगलात हिंडायची. तिथे हजारेक वर्षांपूर्वी माया लोक सोडून गेलेलं एक शहर झाडीत बुडालं होतं. विमानातून लेझरने टिपलेल्या नकाशावर झाडं पुसली की खालची जमीन उघडी पडे. त्यात तिला चौकाच्या कडेला एक उंच, कातीव उंचवटा दिसला. पिरॅमिडच! त्याची खात्री करायला तिची तिथली सहकारी मार्ता आणि तिची माणसं जंगल तुडवत निघाली होती.

रविवारी सकाळी दोघं इडल्या खायला बसतात तोच मार्ताचा व्हिडिओ कॉल आला. रुचिरने तेवढ्यात आईलाही फोन लावून दिला. मार्ता कमरेपर्यंत चिखलात माखलेली.

"क्षिप्रा, डोंगर आहे तो. साधा डोंगर."

क्षिप्राचा चेहरा पडला. रुचिर छताकडे बघू लागला.

"काय म्हणाली गं ती?" फोनवरून सुचित्राताईंनी विचारलं. "वर देऊळबिऊळ काही?"

"नाही हो आई. डोंगर आहे नुसता."

मार्ता मात्र खिदळत होती. "पूर्ण ऐक तरी! उतरताना माझा पाय सटकला, मी गडगडत थेट खालच्या खड्ड्यात. चिखलाखाली गुडघ्याला टणक लागलं. चुन्याचा गिलावा! तळं आहे, बांधलेलं!"

क्षिप्रा ताडकन उठली. शहराजवळ नदी नव्हती. इतकी माणसं पाणी प्यायची कुठलं, यावर सगळे डोकं खाजवत होते. आणि तो खड्डा तिने स्वतःच यंत्राची चूक म्हणून सोडून दिला होता!

रुचिरचा हात मोबाइलकडे गेला.

"खबरदार!" ती ओरडली.

पण सुचित्राताईंनी सोसायटीच्या ग्रुपवर कधीच टाकलं होतं, सूनबाईंनी तळं शोधलं म्हणून.

"अहो आई, मी कुठे शोधलं? मार्ता पडली त्यात."

"पडली तुझ्याच डोंगरावरून ना?"

क्षिप्राने नकाशावरचं 'पिरॅमिड' खोडलं आणि चूक म्हणून सोडलेले बाकीचे खड्डे एकेक करून पुन्हा बघायला घेतले. इडल्या गार होऊन गेल्या.