लवकीच्या मुळातली बुरशी

लवकीच्या, म्हणजे दुधी भोपळ्याच्या, मुळात राहणाऱ्या एका बुरशीवर गोपिकेचा भारी जीव. लग्नाचा विषय निघाला की ही बाई बुरशीचं कौतुक सांगत बसायची. ही बुरशी रोग करत नाही. उलट मातीतलं खाणंपिणं वेलाला आणून देते. पण नखरे मोठे. बशीत वाढत नाही, बाटलीत वाढत नाही, जिवंत मुळातच जगते. कन्हान नदीच्या पात्रातल्या ज्या डांगरवाडीतून, वेलांच्या मळ्यातून, गोपिकेनं ती आणली, ती वाडीच पुरात खरवडून गेली. आता उरली ती चार कुंड्यांत. गोपिकेचं आजवरचं सगळं संशोधन त्या कुंड्यांवर उभं होतं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या नळाला पाणी येईना, म्हणून तिनं कुंड्या रिक्षात घालून धंतोलीतल्या आपल्या खोलीमागे आणल्या. त्याच आठवड्यात तिचे वडील चंपतराव काटोलहून मुक्कामाला आले. मुळाला बुरशी लागून होणाऱ्या डिंक्या रोगानं त्यांची संत्र्याची बाग डोळ्यांदेखत वाळली होती. तेव्हापासून त्यांचा आवाजच बसल्यासारखा झाला होता.

"काहून वं गोपे, तोंड उतरलं तुह्यं?"

"मुळात बुरशी हाय बाबा. तिच्यापायी जीव टांगणीले लागला," असं घाईत सांगून ती सायकलवर बसली.

बाकीचं चंपतरावांनी स्वतःच ओळखलं. बाजारातून बुरशी मारणाऱ्या निळ्या मोरचुदाची पुडी आणली, चुन्यात कालवली आणि संत्र्याच्या बुडाशी ओततात तसं औषध चारही कुंड्यांत सढळ हातानं ओतलं.

संध्याकाळी गोपिकेला कुंड्यांतली माती निळसर दिसली. तिनं माती धुतली, चुकून बुरशी जगली असेल तर नव्या मुळांत शिरेल म्हणून तिच्यातच लवकीचं नवं बी लावलं, रोज देवाला हात जोडले. रोपं वर आल्यावर मुळं कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकामागून एक, सगळी कोरी. धड रडताही येईना, कारण चंपतराव हौसेनं सोबत आले होते आणि पाठीशीच उभे होते.

"मायी बाग त वाचवता आली नाही, पोरी. समजेपर्यंत उशीर झाला होता. तुह्या येलाले मात्र येळेवर पावलो. गेली ना बुरशी?"

किती दिवसांनी ते एवढं बोलत होते! गोपिकेला ओरडावंसं वाटलं. पण कोणावर ओरडणार?

"गेली बाबा," ती म्हणाली. "पार गेली."

"चाल मंग घरी," चंपतराव म्हणाले. "आज भूक लागली मले."