दोन इंच जास्तीची सायकल

पाणीखात्याने जागा एकच काढली होती आणि अटी तीन घातल्या होत्या. उमेदवार दहावी पास हवा, अंगाने काटक हवा आणि त्याच्याकडे स्वतःची गिअरची सायकल हवी. डोंगरावर पाण्याच्या सात टाक्या होत्या. रोज तिथे जाऊन बाटल्यांत नमुने भरून आणायचे, एवढंच काम. रस्ता मात्र असा, की बकऱ्यासुद्धा एकमेकींना विचारून पाय टाकत. खात्याची एक जीप होती. पण ती तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेली आणि तिला तिथेच करमलं.

टेलरकाकांची धाकटी पहिल्या दोन अटींत चपखल बसत होती. बारीक आणि टोकदार म्हणून घरात तिला सुई म्हणत. चार वर्षं ती बाबांच्या दुकानात तुरपाई करत होती. आणखी एक वर्ष हेच केलं तर लोक आपल्यालाही घडी घालून कपाटात ठेवतील, अशी तिची खात्री होत चालली होती. ही नोकरी तिला हवी होती म्हणजे हवीच होती. आणि डोंगर चढून दाखवायची परीक्षा शनिवारी सकाळी होती. आज गुरुवार.

बापलेक आधी सायकलींच्या मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने हसून "बजेट?" विचारलं. बाबांनी आकडा सांगितला. विक्रेत्याने त्या आकड्यात बसणारी एक घंटी दाखवली. घंटी छान होती.

"सायकल नाही मिळणार यात?" सुईने विचारलं.

"मिळेल ना," तो म्हणाला, "पण ती आमची नसेल."

म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवला होता : 'माउंटन बाईक विकणे आहे. डोंगर दाखवलेला नाही.' तीन वर्षांपूर्वी नवरा-बायकोने वजन कमी करायचं ठरवून दोन सायकली घेतल्या होत्या. पुढे वजनाबद्दल त्यांचं मत बदललं आणि सायकलींवर कपडे वाळत पडू लागले. दवाखान्याच्या मागच्याच खोलीत भिंतीवरच्या हुकांना दोन्ही लटकत होत्या, एक मोठी आणि एक मध्यम.

"भाव दोन्हीचा एकच. कुठली हवी ते पायाच्या मापावर ठरतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कंपनीचं पुस्तक उघडलं. त्यात पायाची आतली लांबी आणि समोर सायकलचा आकार, असा तक्ता होता.

माप हा शब्द ऐकल्याबरोबर बाबांच्या गळ्यातली टेप आपोआप हातात आली. चाळीस वर्षांत त्यांचं माप कुणी तपासून पाहिलं नव्हतं. त्यांनी सुईला भिंतीला टेकून उभं केलं, टेप लावली, क्षणभर डोळे मिटले आणि आकडा सांगितला. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट फिरवलं. "मोठी."

"मी एकदा बसून बघू का?" सुई म्हणाली.

"हवा नाही गं टायरमध्ये. बसलीस तर रिम जाईल."

"आणि ती मध्यम तरी बघू?"

"तिच्यावरचे ओले आहेत," आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. आवाजात पुढची चर्चा नव्हती.

मग भावाची बोलणी सुरू झाली. ती दवाखान्यात झाली, कारण खुर्चीवर एक पेशंट तोंडात कापूस घालून अर्ध्या तासापासून आ वासून पडला होता.

"साडेपाच हजार," डॉक्टर म्हणाले.

"चार," बाबा म्हणाले. "तीन वर्षं तुमचे टॉवेल वाहिलेत तिने. कंबर गेली असेल."

"टॉवेल कसले, रुमाल वाळायचे हो!"

"आँ! आँ!" पेशंट म्हणाला. त्याने चार बोटं ताठ आणि पाचवं अर्धं वाकवून वर धरलं. साडेचार. इतका निःपक्षपाती माणूस गावात शोधून सापडला नसता. त्याला फक्त हे सगळं लवकर संपायला हवं होतं. दोन्ही पक्षांनी मान डोलावली. डॉक्टर हात धुवायला गेले आणि जाता जाता म्हणाले, "एकदा विकलेला माल परत नाही हं, काका. दात असो की सायकल."

वाटेत हवा भरून सायकल घरी, दुकानाच्या दारात आली. आईने काजं करता करता मान वर करून पाहिलं आणि ती म्हणाली, "घोडा बरा दिसतोय."

सुई वर चढली. म्हणजे चढायला गेली. तिसऱ्या प्रयत्नात दुकानाच्या पायरीवरून ती सीटवर पोहोचली. सीट पार खाली नेली, तेव्हा पाय पेडलपर्यंत आले. जमिनीपर्यंत काही केल्या येईनात. सीट सोडून पुढे उतरावं, तर दांडा आडवा.

"बाबा," पायरीला धरून ती म्हणाली, "माप किती घेतलं होतं तुम्ही?"

बाबांनी आकडा सांगितला.

"तेवढा लांब माझा पाय आहे?"

बाबांनी टेप काढून पुन्हा माप घेतलं. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा चाळीस वर्षांत कधी झाला नव्हता.

"दोन इंच माया धरली गं मी," ते हळूच म्हणाले. "हाताची सवय. शिवणीत जास्तीचं कापड सोडतोच ना आपण. माणूस वाढतो."

"बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे!"

"म्हणून दोनच धरली."

आई उठून आत गेली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज आला आणि मग ती खोकल्याचं निमित्त करून बाहेर आली.

बाबांना मात्र हसू येईना. घट्ट झालं म्हणून त्यांच्याकडे कधी एक पायजमा परत आला नव्हता. सैल झालं तर काय, आत घेता येतं, हा त्यांचा धंद्याचा पाया होता. त्यांनी कानावरचा खडू काढला आणि सायकलच्या दांड्यावर जिथून आत घ्यायची तिथे नीट खूण केली. मग कात्रीकडे पाहिलं. मग खडू परत कानावर ठेवला.

"मी डॉक्टरांच्या पाया पडतो," ते म्हणाले.

"काही नको. चालवता येते ना? थांबता येत नाही, एवढंच. डोंगरावर थांबायचंय कुणाला?"

शुक्रवारी दिवसभर गल्लीत सराव झाला. बाबा धरून बसवत, ढकलत, सोडत. थांबायचं तर काहीतरी उंच आणि पक्कं हवं. विजेचा खांब चाले. वाण्याचा काउंटर उत्तम चाले, पण तिथे थांबलं की वाणी "काय देऊ?" विचारी, आणि भिडेपोटी ती काडेपेटी घेई. संध्याकाळपर्यंत घरात अकरा काडेपेट्या झाल्या.

शनिवारी खात्याच्या फाटकाशी दोनच उमेदवार होते. दुसरा नखशिखांत चकचकीत होता. त्याच्या सायकलचा भाव ऐकून बाबांनी आदराने एक पाऊल मागे घेतलं. नियम सोपा होता : सगळ्यात वरच्या टाकीपाशी चाळीस मिनिटांत पोहोचायचं आणि तिथे ठेवलेल्या सहा बाटल्या भरायच्या. नमुने तपासणाऱ्या मोठ्या बाई आधीच वर जाऊन घड्याळ घेऊन बसल्या होत्या.

"दम लागला तर थांब हं बाळा," बाबा सवयीने म्हणाले आणि जीभ चावली. मग त्यांनी ढकललं.

चकचकीत पहिल्या वळणापर्यंत बराच पुढे होता. तिथे तो पाणी प्यायला थांबला. दुसऱ्या वळणावर तो देखाव्याचा फोटो काढायला थांबला. तिसऱ्यावर तो नुसताच थांबला, कारण थांबायची एकदा चटक लागली की सुटत नाही. सुईला ती सोयच नव्हती. थांबणं म्हणजे पडणं, आणि पडलं की पुन्हा चढवायला बाबा लागणार. पोटऱ्या पेटल्या, डोळ्यांत घाम गेला, तोंडातून तिच्या वयाला न शोभणारे शब्द गेले. पण चाकं फिरत राहिली. ती जवळून गेली तेव्हा चकचकीत कौतुकाने म्हणाला, "काय जिद्द आहे हो!" तिला खुलासा करायला वेळ नव्हता.

वर पोहोचली तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती. मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. सुई त्यांच्यासमोरून गेली, टाकीला वळसा घालून परत आली आणि पुन्हा गेली.

"पाहणी करताय का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई!" ती पलीकडून ओरडली.

तिसऱ्या फेरीला बाई रस्त्यात आल्या. "अहो, थांबा की! ब्रेक लागत नाहीत?"

"ब्रेक उत्तम आहेत! जमीन लांब आहे!"

चौथ्या फेरीला तिला टाकीची लोखंडी शिडी दिसली. तिने शिडी धरली आणि ती तिथेच लोंबकळली. सायकल एकटीच थोडी पुढे गेली आणि झुडपात शांत आडवी झाली. सुईने खाली उतरून सहाही बाटल्या भरल्या, बुचं घट्ट लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या. चकचकीत आला तेव्हा त्रेचाळीस मिनिटं झाली होती.

बाईंनी वहीत काही लिहायला घेतलं आणि पेन थांबवलं.

"टाक्या सात आहेत," बाई म्हणाल्या. "रोज सात ठिकाणी थांबावं लागेल. जमणार कसं?"

"सातही टाक्यांना शिड्या असतील ना?"

"असणारच. नाहीतर धुणार कोण त्या?"

"मग उतरायचं ठरलं," सुई म्हणाली. "आणि चढायलाही शिडीच. घोड्यावर काय, जमिनीवरून थोडंच बसतात?"

बाईंनी तिच्याकडे, झुडपातल्या सायकलकडे आणि त्या चकचकीताकडे पाहिलं. तो उताणा पडून ढगांचा फोटो काढत होता. मग त्यांनी सही केली.

परत जाताना सुई शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून सीटवर बसली. बाईंनी पदर खोचला आणि मागून सायकल धरली.

"सोडू?"

"अजून नको, बाई. जरा पळा!"

बाई पळू लागल्या. "सोमवारी नऊला रुजू व्हायचं! दाखले घेऊन!"

"हो!"

"दोन फोटो!"

"हो बाई!"

"आता सोडू का गं?"

"सोडा!"