बारा बंद खोकी

"बाई, सही कुठे करू?"

सहीसाहेबांनी एवढंच विचारलं. मी बोटाने रकाना दाखवला. चार पानांचा अर्ज, पण वाचायची तसदी माणसाने घेतली नाही. शाई वाळायच्या आत मी फाइल उचलली आणि बाहेर आले. एकोणीस वर्षं या एका सहीसाठी मी डूख धरून बसले होते.

सहीसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. नाव मीच ठेवलेलं. मी ऑफिसातली क्लार्क. दाखले, हजेरी, टायपिंग हे माझं पगाराचं काम. पण शिक्षकांना वर्गापुरतं छोटं अनुदान देणाऱ्या संस्था हुडकायच्या आणि त्यांचे अर्ज लिहायचे, हे मी आपण होऊन अंगावर घेतलेलं. कुणाला नकाशे हवेत, कुणाला गोष्टींची पुस्तकं. शिक्षक येतात आणि फार गरज आहे हो, एवढंच सांगतात. गरज कुणाला नसते? मी त्यांना समोर बसवते आणि विचारते, वस्तू आली की सोमवारी सकाळी मुलं तिचं काय करतील ते सांगा. मग तेच लिहिते. आजवर एकतीस अर्ज मंजूर झाले. हार प्रत्येक वेळी साहेबांच्या गळ्यात.

ही युक्ती माझी नाही, ताईची. माझी थोरली बहीण याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिने सूक्ष्मदर्शकांसाठी अर्ज लिहिला होता. 'सोमवारी सकाळी मुलं कांद्याचा पापुद्रा बघतील,' हे त्यातलं पहिलं वाक्य. अनुदान मिळणारच म्हणून तिने प्रयोगशाळेतला एक कप्पासुद्धा रिकामा करून पुसून ठेवला. अर्ज सहीसाठी आठ दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. मी रोज आठवण करून द्यायची, ते रोज उद्या बघू म्हणायचे. मुदत टळली. ताई विचारायला गेली, तर सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, या वयात खेळणी कशाला हवीत तुम्हाला? सगळे हसले. ताईही हसली. मला मात्र ते आजही आठवलं की अंगाची लाहीलाही होते. ताई रिटायर होईपर्यंत फळ्यावर खडूनेच पेशी काढत राहिली.

यंदा साहेबांचं शेवटचं वर्ष. जाता जाता आपल्या नावावर काहीतरी असावं असं त्यांच्या डोक्यात आलं. मला बोलावून म्हणाले, काहीतरी छानसं लिहा, फोटोत दिसेल असं. मी ताईचाच जुना अर्ज काढला आणि अर्जदार बदलला. हे अनुदान वर्गावर शिकवणाऱ्यालाच मिळतं, म्हणून त्यात घातलं की अर्जदार स्वतः दर शनिवारी सहावीचा तास घेतील. साहेबांनी अकरा वर्षांत खडू हातात धरला नव्हता. तिसऱ्या पानावर संस्थेची अट होती: तीन महिन्यांनी त्यांचं माणूस येऊन वर्गात बसणार, आणि वापर दिसला नाही तर सामान दुसऱ्या शाळेला जाणार.

अर्ज मंजूर झाला, बारा खोकी आली. साहेबांनी ती केबिनमधल्या काचेच्या कपाटात मांडली, फोटो काढून घेतला आणि किल्ली माझ्याकडे दिली. सहावीला विज्ञान शिकवणारी नवी बाई दोनदा खोकी मागायला आली. मी तिला साहेबांकडे धाडलं. साहेब म्हणाले, उद्या बघू. मला हेच हवं होतं. खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या शाबूत राहायला हव्या होत्या.

संस्थेच्या बाई आल्या त्या अर्ज हातात घेऊनच. साहेबांनी चहा मागवला. बाई म्हणाल्या, चहा नंतर, आधी तुमचा तास बघू. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. आम्ही सगळे सहावीच्या वर्गात गेलो. साहेबांनी एक खोकं फोडलं, सूक्ष्मदर्शक बाहेर काढला आणि त्याच्या आरशालाच डोळा लावला. पुढच्या बाकावरच्या मुलीने अगदी सरळ मनाने विचारलं, "तुम्ही कोणते सर?"

साहेब घामाघूम झाले. दारात मी उभी होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हे काय लिहून ठेवलंत तुम्ही?"

"सर, सही तुमची आहे."

जीव कसा गार झाला माझा. दुपारपर्यंत खोकी संस्थेच्या गाडीत चढली. पोचपावती मीच टाइप केली. साहेबांनी ती मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, मगच सही केली.

संध्याकाळी तडक ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी सगळं साग्रसंगीत सांगितलं, साहेबांची नक्कलसुद्धा करून दाखवली. तिचं उट्टं निघालं होतं. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल.

ताईचे हात थांबले. "त्यांचं सोड. पोरांनी पापुद्रा बघितला का?"

"नाही."

"तीन महिन्यांत एकदाही नाही?"

"खोकी बंद होती ना."

"किल्ली कुणाकडे होती गं?"

चिरलेल्या कांद्याचा एक पातळ पापुद्रा ताईने नखाने अलगद सोडवला, खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि डोळे बारीक करून बघत राहिली. मग तो ताटलीच्या कडेला ठेवला आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.