आधी पितळ दाखवा

मित्रांनो, मी बोलतो आहे म्हणून लगेच मान डोलावू नका. मी कोण, कुठला, मला काय कळते, हे आधी विचारा. मी एक जुना कसोटीचा दगड आहे. तळहाताएवढा, काळा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. सोने माझ्यावर घासतात आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस सांगतात. संशय घेणे हाच माझा धंदा.

ओश शहरातून अक-बुरा नदी वाहते. तिच्या पात्रात मी किती वर्षे पडून होतो ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही ते मी सांगत नाही. माझे आजचे मालक, सोनार हमदम उस्ता, यांच्या आजोबांनी मला तिथून उचलले, एवढे खरे. त्यांनी मला घासून एका अंगाने सपाट केले, अक्रोडाचे तेल पाजले आणि आपल्या बैठकीशेजारी ठेवले. चांगल्या कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. हा किताब कोणी छापून देत नाही, लोकांच्या तोंडून मिळतो आणि तोंडूनच जातो.

पुढे सगळेच सरकारी करणारे राज्य आले, सोन्याचा खाजगी धंदा बंद झाला. उस्तांचे वडील सरकारी दुरुस्ती-दुकानात नोकरीला लागले आणि मी कित्येक दशके पिठाच्या डब्यात काढली. तेही राज्य मोडले, तेव्हा माझे खरे दिवस आले. पिठासाठी बायका कानातले काढून आणत. त्यावर ५८३, म्हणजे हजारात इतके भाग सोने, असा जुना सरकारी ठप्पा असे, शेजारी चांदणी. लोक ठप्पा पाहून निश्चिंत होत. आम्ही होत नसू. ठप्पा मारायला लोखंडाचा एक तुकडा आणि एक हातोडी पुरते.

दिवसाला वीस-पंचवीस रेघा मी अंगावर घेत असे. दागिन्याची रेघ, आणि तिच्या शेजारी कस आधीच ठाऊक असलेल्या सुईची रेघ. मग दोन्हींवर तेजाबाचा थेंब. खोटी रेघ हिरवी होऊन विरून जाई. ‘हमदम उस्तांचा दगड खोटं बोलत नाही,’ असे बाजारात म्हणत. मला ते ऐकायला आवडे, पण ते पूर्ण खरे नव्हते. मी एकट्याने कधीच काही सांगितलेले नाही. ओळखीची रेघ शेजारी नसेल तर मी नदीतला एक धोंडा आहे.

मग यंत्र आले. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचे, आकडा दिसतो. उस्तांनीही एक घेतले. मी आधी कागदांवरचे वजन झालो, आणि नंतर फोन टेकवायचा दगड. उस्तांची सून मुहय्यो रोज दुपारी फोन मला टेकवून नवऱ्याशी बोलत असे. इल्योर, उस्तांचा मुलगा, चार वर्षे कोरियात प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. पगारातले उरतील ते पैसे तो डिजिटल डॉलरच्या रूपात एका क्रिप्टो एक्स्चेंजमधल्या मुहय्योच्या खात्यात पाठवी. त्यातून ओतकामाची भट्टी घ्यायची होती आणि शेजारचा बंद गाळाही. ते जमले की तो परत येऊन बैठकीवर बसणार होता. नाही जमले तर आणखी चार वर्षांचा करार. फेब्रुवारीच्या शेवटी जमायला आले होते. इल्योरने एप्रिलची तारीख सांगून टाकली होती.

त्या बुधवारी साडेअकराच्या सुमारास मुहय्यो दुकानात आली. फोन मला टेकवायचा सोडून ती तो हातात धरून उभी राहिली.

“बाबा, यंत्राजवळचा उजेड जरा घेऊ का? बारीक अक्षरं आहेत.”

“कसली अक्षरं?”

“गश्तकच्या गटात आलंय. होसियत ओपांनी पाठवलंय.”

गश्तक म्हणजे आमच्या गल्लीतल्या चौदा बायकांचे मंडळ. दर महिन्याला एकीच्या घरी पुलाव, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर गट. त्यात सगळ्यांत वडील होसियत ओपा. तीन दुकाने सोडून तिचे रेशमी कापडाचे दुकान. ओपा म्हणजे थोरली बहीण. थोरल्या बहिणीने वाढलेल्या घासाचा कोणी वास घेऊन बघत नाही, अशी आमच्याकडची रीत.

उस्तांची नजर अधू झाली आहे. ते म्हणाले, “मोठ्याने वाच.”

मुहय्योने वाचले. नवीन नियमाप्रमाणे एक्स्चेंजच्या सर्व खातेदारांनी शुक्रवारपर्यंत पुन्हा पडताळणी करावी, न केल्यास खाते गोठवले जाईल. खाली लिंक होती. तिने ती उघडलीही होती. “तेच निळं पान आहे, बाबा. तेच चिन्ह. वर कुलूपही दिसतंय, म्हणजे सुरक्षित. फक्त ईमेल आणि पासवर्ड टाकायचा.”

“कुलूप कोणी लावलं?”

“म्हणजे?”

“चोराच्या घरालाही कुलूप असतं, पोरी. आतलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जाणार नाही, एवढंच ते सांगतं. आत कोण बसलाय ते नाही सांगत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मागल्या वर्षी इल्योरनेच फोनवर शिकवलं. तू तेव्हा चहा करत होतीस.”

मुहय्यो कानकोंडी झाली. “पण होसियत ओपांनी पाठवलंय. न भरावं तर वाटेल, हिला आपल्यावर भरवसा नाही.”

तेवढ्यात ओपाच दारात उभी राहिली. अंगाने भारदस्त, आणि हसली की वरच्या ओळीतले सोन्याचे पाच दात चमकत. ते उस्तांनीच घडवले होते.

“काय ग सूनबाई, भरलंस का? शुक्रवारी रडत येशील, तेव्हा माझ्या खांद्याला जागा नसेल हो.”

“बाबा नको म्हणतायत, ओपा.”

“का? उस्ता, मी आता नकली माल खपवते असं म्हणणं आहे का तुमचं?”

“तुझ्या रेशमावर मी कधी बोट ठेवलं?” उस्ता म्हणाले. “हे तू विणलेलं नाहीस. तुला कोणी दिलं?”

“माझ्या नणंदेच्या गटात आलं. तिला तिच्या विहिणीकडून.”

“आणि विहिणीला?”

“आता विहिणीची वंशावळ काढायची का? माझं काल रात्रीच भरून झालं. पाच मिनिटांचं काम. तुमच्यासारखी माणसं भाकरीलासुद्धा तेजाब लावून बघतील.”

मुहय्योने एकदा सासऱ्यांकडे पाहिले, एकदा ओपाकडे. तिचा अंगठा पडद्यावर टेकलेला होता. चार वर्षे त्या अंगठ्याखाली होती, आणि तो उचलला तर ओपाचा अपमान होत होता. खरे सांगतो, मित्रांनो, मला वाटले की ती आता पासवर्ड लिहिणार. ओपा समोर नसती तर कदाचित तिने नसता लिहिला.

उस्तांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, “ठीक आहे, भर. पण आधी पितळ दाखव.”

दोघींनाही कळले नाही. मग उस्तांनी सांगितले. बाजारात नवा सोने घेणारा बसला की जुने सोनार त्याच्याकडे चांगला दागिना पाठवत नसत. एखाद्या मुलीच्या हाती पितळेची अंगठी देऊन पाठवत. “ती घासून त्याने पितळ म्हटलं, तर पुढचं बघू. पण त्याने जर ‘वा, सुरेख सोनं’ म्हटलं, तर समजायचं की त्याला सोनं तपासायचंच नाही, घ्यायचंय. एक्स्चेंजला तुझा पासवर्ड माहीत असणार. मग खोटा सांगून बघ. ओळखतो का खरं-खोटं?”

ओपा म्हणाली, “टाका, टाका. वेळ जात नसेल तर टाका.”

मुहय्योने कोणाचाच नसलेला ईमेल लिहिला. पासवर्डाच्या जागी ‘शिळा पुलाव’ लिहिले. ओपाला हसू आले. पान क्षणभर फिरत राहिले आणि मग मुहय्योने वाचले, “तपशील बरोबर आहेत. आता आपल्या फोनवर आलेला सहा आकडी कोड लिहा.”

“फोनवर कोड आला?” उस्तांनी विचारले.

“नाही.”

“मग मनातला लिही.”

तिने एकापासून सहापर्यंत आकडे लिहिले. पान म्हणाले, “धन्यवाद. आपली पडताळणी पूर्ण झाली.”

ओपाचे हसू तसेच राहिले होते, पण त्यात आता कोणी नव्हते.

“मला कोड आला होता,” ती हळूच म्हणाली. “काल. खराखुरा. मी लिहिला.”

मुहय्योने ते पान बंद केले. ओपाला तिथेच खुर्चीवर बसवून ती म्हणाली, “तुमचं खातं उघडू या. पण या लिंकने नाही.” फोनवर नाव शोधायला गेली, तर सगळ्यांत वर एक्स्चेंजचे नाव आलेही, शेजारी बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिलेले. तिचा अंगठा पुन्हा तिकडे वळला. उस्ता म्हणाले, “जो पुढे येऊन बाही धरून दुकानात ओढतो, त्याच्याकडून मी आयुष्यात काही घेतलं नाही. ओळखीची सुई आण.”

सुई घरात होती. खाते उघडताना एक्स्चेंजच्या कार्यालयात मिळालेला करार मुहय्योने पेटीतून काढून आणला. त्यावर वेबसाइटचा पत्ता छापला होता, कार्यालयाचा फोनही. पण कागद एक झाला. उस्तांना दुसरा हवा होता. परवाना असलेल्या एक्स्चेंजांची सरकारी यादी चौकातल्या बँकेत लावलेली आहे. मुहय्यो धावत जाऊन तिचा फोटो काढून आली. कंपनीचे नाव तेच, पत्ता तोच. लिंकमधला पत्ता दोन्हीशी जुळत नव्हता. त्यातही कंपनीचे नाव होते, पण मध्येच कुठेतरी, आणि शेवट भलताच. मग दोघींनी छापील पत्ता एकेक अक्षर करून आपल्या हाताने लिहिला. पान तेच दिसत होते, निळे, कुलूप असलेले. डोळ्यांना फरक सांगता आला नसता. हेच मला सर्वांत भयंकर वाटले.

ओपाच्या खात्यात एक डॉलर आणि काही सेंट उरले होते. तिची मुलगी रशियातून दोन वर्षे पाठवत असलेले पैसे सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी निघून गेले होते. कराराच्या कागदावरच्या क्रमांकावर फोन लावला. समोरच्या मुलीने खाते गोठवले, तक्रार लिहून घेतली, पोलिसांत जायला सांगितले. पैसे परत येतील का, या प्रश्नावर ती म्हणाली, “खोटी आशा दाखवत नाही, ओपा.” ते पैसे आजतागायत आलेले नाहीत.

मुहय्योच्या खात्यातली रक्कम शेवटच्या सेंटपर्यंत जागेवर होती. तिने तो पत्ता फोनमध्ये जपून ठेवला, पासवर्ड बदलला आणि भिंतीला टेकून रडली. ओपासमोर रडू नये, हे तिला कळत होते. पण रडली.

उस्तांनी तिला सांगितले, “गटात लिही. अजून बारा जणी आहेत.”

मुहय्यो म्हणाली, “माझं कोण ऐकेल? वरती ओपांची लिंक आहे. सगळ्यांत धाकटी सून म्हणते ते खरं, की ओपा म्हणतात ते?”

ती बरोबर बोलत होती. ओपाने पाठवलेले फक्त ओपालाच मागे घेता येणार होते. ओपा मान खाली घालून बसली होती. पदराच्या टोकाची गाठ मारत होती, सोडत होती.

“हसतील,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी यांना शिकवलं. कुठे कापड घ्यावं, कुठे मुलगी द्यावी. उस्ता, मी तो संदेश नुसता पुसून टाकते. कोणाला कळणार नाही.”

“ज्यांनी आधीच उघडलाय, त्यांना कळेल,” उस्ता म्हणाले. “उद्या, नऊ वाजून चार मिनिटांनी.”

ओपाने गाठ सोडून हात पुढे केला. मुहय्योने तिचा फोन तिच्या हातात दिला. आमच्या बाजारात लोक लिहीत बसत नाहीत, फोनमध्ये बोलून पाठवतात. ओपाने बटण दाबून धरले.

“मी होसियत बोलतेय. काल मी पाठवलेली लिंक खोटी आहे. मी स्वतः भरली, माझे सगळे पैसे गेले. कोणी उघडू नका. ज्यांनी भरलीय त्यांनी आत्ता, हातातली पोळी खाली ठेवून, कार्यालयात फोन करा. क्रमांक मुहय्यो पाठवतेय, तो करारावरचा आहे, पण तुम्ही आपापल्या कागदाशी ताडून बघा. माझंही ऐकू नका, ताडून बघा. आणि मला हसायचं असेल तर रविवारी पुलावाला या, समोर बसून हसा.”

तिने बोट उचलले. बारा जणींपैकी नऊ जणींनी लिंक उघडलीच नव्हती. तिघींनी भरले होते. त्यातल्या दोघींची खाती त्याच दुपारी वेळेत गोठवली गेली. तिसरीला उशीर झाला. रविवारी सगळ्या आल्या. कोणी हसले की नाही, मला ठाऊक नाही. मला पुलावाला नेत नाहीत.

एप्रिलच्या नऊ तारखेला इल्योर आला. शेजारच्या गाळ्याचे शटर उघडले, भट्टी बसली. त्याचा हात जड झाला आहे, माझ्यावरची त्याची पहिली रेघ वाकडी आली. परवा एका गिऱ्हाइकाने अंगठी पुढे केली आणि सांगितले, “मेहुण्याने दिलीय, तपासायची गरज नाही.” इल्योर म्हणाला, “मेहुणा तुमचा, त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. अंगठी इकडे द्या.”

मित्रांनो, घरात माझ्यासारखे जुने काही असेल तर त्याला अधूनमधून तेल लावा, फोनखाली दडपून ठेवू नका. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. आलेल्या लिंकवर संशय घ्या, पाठवणाऱ्या माणसावर नको. आपला पत्ता आपल्या कागदावरून घ्या, आणि तोही दुसऱ्या एखाद्या कागदाशी ताडून बघा. पितळ दाखवायची युक्ती अपुरी आहे, हेही ऐकून ठेवा. पितळाला सोने म्हणणारा चोर, हे नक्की. पण पितळाला पितळ म्हणणारा साव असेलच असे नाही. हुशार चोर तुमचा पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या पानावर लावून बघतो आणि मगच उत्तर देतो.

आणि एवढे करूनही फसलात, तर गप्प बसू नका. त्याच तासाला, मोठ्याने सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. तुमच्यामागून त्याच दाराकडे कोणीतरी येत असते, आणि त्याने तुम्हाला आत जाताना पाहिलेले असते.