फांदी सोडायची राहिली

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. आतून अजून धडधाकट, पण बाहेरून बघाल तर नाक मुरडाल. माझा चामड्याचा पट्टा वाळून कडक झाला आहे, भिंगाच्या कडेला बुरशी धरली आहे, आणि माझे बिऱ्हाड सध्या कपाटाच्या खालच्या खणात, लोकरीच्या मोज्यांशेजारी आहे. पण माझे रडगाणे मी गाणार नाही. जुन्या वस्तू आपली दुखणी सांगू लागल्या की तुम्हा मुलांना जांभया येतात, हे मला ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते मी टिपलेल्या एका फोटोबद्दल. त्या फोटोचे कौतुक सगळ्यांनी केले. खरे मात्र कोणी सांगितले नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. पांढरे कोट घातलेल्या बायका दिवसभर खाली मान घालून माझ्यासारख्यांचे बारीक स्क्रू बसवत. तिथून आगगाडीने आणि मग बोटीने मी स्वीडनच्या गोटलांड बेटावर येऊन पोहोचलो. दुकानाच्या काचेआड बरेच दिवस धूळ खाल्ल्यावर मला इंग्वेने घरी नेले. इंग्वे गावच्या शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. त्याची बोटे जाड होती, पण माझी चक्रे तो इतक्या हळुवारपणे फिरवायचा की मला स्वतःचाच अभिमान वाटे.

दर रविवारी आम्ही बाहेर पडत असू. मी इंग्वेच्या गळ्यात, ट्रायपॉड त्याच्या खांद्यावर, आणि कॉफीचा थर्मास व दालचिनीचे पाव त्याची बायको हिलेवी हिच्या पिशवीत. समुद्रकाठचे चुनखडीचे सुळके, वाळूत लोळणारे सील, छप्पर उडालेली जुनी चर्चे, पाती मोडलेल्या पवनचक्क्या, सगळे मी डोळे भरून पाहिले. इंग्वे मोठा छांदिष्ट माणूस होता. चांगला उजेड दिसला की त्याला तहान, भूक, बायको काहीसुद्धा आठवत नसे. हिलेवी मग पावाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबून म्हणायची, "घे, आणि मेलास तर मला आधी सांग."

हिलेवीला पक्ष्यांचे वेड होते. घरटी शोधावीत तिने आणि फोटो काढावेत इंग्वेने, असे चालले होते. आता घरट्याचा फोटो काढायची त्या काळातली पद्धत तुम्हाला सांगायला हवी. पक्षी घरटे दाट झुडपात बांधतो आणि फांद्या नेमक्या आड येतात. मग फोटोवाले समोरची फांदी सुतळीने बाजूला बांधत, थोडे फोटो काढत, आणि लगेच फांदी सोडून देत. कारण ती फांदी म्हणजे पिल्लांचे छप्पर. ऊन, पाऊस आणि कावळ्याची नजर तीच अडवते. आमच्याकडे फांदी बांधायचे काम इंग्वेचे आणि सोडायचे हिलेवीचे. तसे कोणी ठरवले नव्हते, पण वर्षानुवर्षे तसेच होत आले.

"पुरे आता," ती म्हणायची.

"एकच अजून. मादी मान वळवतेय बघ."

"तुझा स्टुडिओ नाहीये तो. घर आहे त्यांचं." आणि इंग्वे कुरकुरत असतानाच ती सुतळीची गाठ सोडून मोकळी व्हायची.

गावात एक फोटो क्लब होता. दर शरद ऋतूत तिथे स्पर्धा होई आणि दर वेळी कप होल्गर न्यायचा. होल्गर हा इंग्वेचा लहानपणापासूनचा मित्र, मासे धुरावर वाळवून विकायचा, आणि जिभेला त्याच्या हाड नव्हते. "काय मास्तर," तो भेटला की म्हणायचा, "यंदा कप नेणार, की परत पहिल्या रांगेत बसून टाळ्या?" इंग्वे हसून साजरे करायचा. पण घरी आल्यावर मला पुसताना त्याचा हात नेहमीपेक्षा जोरात चाले, आणि ते मला कळायचे.

मग एका वर्षी हिलेवीचे हृदय कुरकुरू लागले. डॉक्टरांनी तिला फाटकापलीकडे जायला मनाई केली. त्याआधीच्या तिच्या शेवटच्या फेरीत तिने जुन्या चुनाभट्टीजवळच्या जुनिपरच्या काटेरी झुडपात खाटीक पक्ष्यांचे घरटे शोधून ठेवले होते. किडे काट्याला टोचून ठेवतो म्हणून त्याला खाटीक म्हणतात, बाकी दिसायला तो चिमुकला आणि देखणा. घरट्यात अंडी होती. त्यानंतर त्या घरट्यावरच हिलेवीचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. इंग्वे दारातून आत आला रे आला की तिचे प्रश्न सुरू.

"फुटली का अंडी?"

"फुटली."

"डोळे उघडले?"

"अगं, कालच तर फुटली! श्वास तरी घेऊ दे त्यांना."

"त्यांना घेऊ दे. तू बोल." ती खिडकीपाशी खुर्चीत बसून हसायची, पण दम लागून हसणे अर्ध्यावरच थांबायचे. "इंग्वे, ती उडाली की मला सांग हं. मग मी बरी होईन बघ." हे ती थट्टेत म्हणायची. इंग्वेला ते थट्टेतले वाटत नसे, आणि मलाही वाटले नाही.

जूनच्या शेवटी एकदा आभाळ अगदी स्वच्छ होते आणि ऊन कडक होते. इंग्वेने भट्टीच्या पडक्या भिंतीला लागून आपला कापडी आडोसा उभारला, समोरची फांदी सुतळीने बाजूला ओढून बांधली आणि मला ट्रायपॉडवर चढवले. घरटे आता उघड्यावर आले होते. ऊन थेट आत पडत होते. थोड्या वेळाने मादी आली, घरट्याच्या काठावर बसली आणि तिने दोन्ही पंख पसरले. पिल्ले त्या पंखांखाली माना टाकून पडली. मादीची चोच उघडी होती, ती धापा टाकत होती. इंग्वेचा श्वास माझ्या पाठीवर येत होता.

"वा!" तो पुटपुटला. "काय पोज आहे! हलू नको, बाई, हलू नको."

ती कुठली हलते! मी बटण दाबले जाईल तसे टिपत गेलो. माझे काम तेवढेच. मला हात नाहीत आणि हाक मारायला तोंडही नाही.

एवढ्यात भट्टीपलीकडून होल्गरची आरोळी आली. "ए मास्तर! पक्षी काय बघतोस? समुद्रावरून धुकं चढतंय, पडकं चर्च अर्धं गिळलंय त्यानं. चल लवकर, असं परत दिसणार नाही!"

इंग्वेने मला उचलले, ट्रायपॉड बगलेत मारला आणि धावत सुटला. "आलोच," असे तो घरट्याकडे बघून म्हणाला.

ते धुके खरोखरच अपूर्व होते. कमानी तरंगत होत्या, मधूनच एखादी मेंढी उगवायची आणि विरून जायची. इंग्वे आणि होल्गर पोरांसारखे हुंदडले. किनाऱ्यावर असा गारवा होता की दोघांनी कोटाच्या कॉलर वर केल्या. आत माळावर मात्र ऊन रखरखत होते. संपूर्ण दुपार तशी गेली. मग ते होल्गरच्या गाडीतून थेट घरी आले.

रात्रीच्या जेवणाला हिलेवीने बटाटे वाढता वाढता विचारले, "फांदी सोडलीस ना रे?"

"हो," इंग्वे म्हणाला.

तोंडातून शब्द गेल्यावर त्याला आठवले. काटा त्याच्या हातातच राहिला. मग भिंगाचे झाकण तिकडे विसरलो असे काहीतरी सांगून तो मला घेऊन बाहेर पडला. आमच्याकडे जूनमध्ये त्या वेळीही लख्ख उजेड असतो. म्हणून मला सगळे स्पष्ट दिसले. पिल्ले मेली होती. मादी अजून काठावर होती, एक पंख पसरलेला आणि एक गळलेला. आम्ही जवळ गेल्यावर ती उडाली, जवळच्या काट्यावर बसली आणि ओरडत राहिली. इंग्वेने सुतळी सोडली. फांदी सपकन जागेवर गेली आणि घरटे पुन्हा सावलीत आले. तो तिथेच गवतात बसून रडला.

घरी आल्यावर त्याने हिलेवीला सांगितले की पिल्ले छान आहेत. पुढच्या आठवड्यात सांगितले की उडाली. हिलेवीने टाळ्या वाजवल्या.

मला वाटले होते की ती फिल्म तो जाळून टाकेल. पण नाही जाळली. ती धुऊन आली, तेव्हा तो एक फोटो इतका सुंदर निघाला होता की त्याला मोह आवरला नाही. उन्हात उजळलेले पंख, खाली विश्वासाने पडलेली पिल्ले. क्लबातल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. शहरातून आलेल्या परीक्षकाने त्याला 'आईची माया' असे नाव दिले आणि कप इंग्वेच्या हातात ठेवला. गावभर चर्चा झाली. क्लबने केलेली फोटोची मोठी प्रत होल्गर स्वतः आमच्या घरी घेऊन आला.

"बघा वहिनी, तुमच्या नवऱ्यानं माझं नाक कापलं!"

हिलेवीने फोटो मांडीवर घेतला. आधी ती हसली. मग तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. होल्गर कॉफी पिऊन निघून गेल्यावर तिने फोटो उजेडाकडे धरला. मी खिडकीच्या कट्ट्यावर होतो, सगळे ऐकत होतो.

"इंग्वे, ही सावली धरतेय पिल्लांवर."

"हं."

"उन्हात पोळतायत ती. चोच बघ तिची." तिचा आवाज चढला नाही. "ती जिवाच्या आकांताने पंख पसरून उभी होती, आणि तू फोकस करत होतास?"

मग त्याने सगळे सांगितले. फांदी, धुके, ती खोटी दोन वाक्ये. हिलेवीने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. "मला खोटं सांगितलंस ते मी गिळीन," ती म्हणाली. "पण लोक ह्याच्यापुढे उभे राहून डोळे पुसतायत. क्लबात जा आणि सांग. नाहीतर पुढच्या वर्षी सगळे असेच फोटो काढायला जातील."

इंग्वे क्लबात गेला. मी त्याच्या गळ्यात होतो. तो उठून उभा राहिला. लोकांना वाटले आभाराचे भाषण आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत होल्गर उठला. तोच होल्गर, जो कोणालाही टोमणा मारल्याशिवाय सोडत नसे.

"मास्तर, आधी मी बोलतो," तो म्हणाला. "माझी आई ह्या उन्हाळ्यात गेली, सगळ्यांना माहीत आहे. मी काही रडलो नाही. पण हा फोटो बघितला आणि... मला एक प्रत दे रे. पलंगासमोर लावीन." आणि तो सगळ्यांसमोर ढसाढसा रडू लागला.

इंग्वे खाली बसला.

घरी हिलेवी जागी होती. "सांगितलंस?"

"हो."

"होल्गर काय म्हणाला?"

"काही नाही. गप्प बसला."

"बरं झालं." तिने त्याचा हात धरला. "आता मे महिन्यात मी येते तुझ्याबरोबर, डॉक्टर काय वाटेल ते म्हणू दे." इंग्वेने मान हलवली. हे तिसरे खोटे पहिल्या दोहोंपेक्षा वाईट होते, असे माझे मत आहे, कारण ह्या वेळी ती त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवून झोपली.

मार्चमध्ये हिलेवी गेली. बर्फ अजून वितळायचे होते.

चर्चमधले विधी झाल्यावर सगळे शेजारच्या सभागृहात कॉफीला जमले. होल्गरने इंग्वेला सांगून ठेवले होते, "कॅमेरा आण. फुलांचे फोटो काढून ठेव, नंतर बघायला बरं वाटतं." म्हणून मीही तिथे होतो. एका टेबलावर पांढरे कापड अंथरून हिलेवीचा हसरा फोटो ठेवला होता, समोर मेणबत्ती. आणि तिच्या शेजारी, फुलांच्या मधोमध, तो दुसरा फोटो उभा होता. पंख पसरलेली मादी.

"माझ्या घरून आणला," होल्गर हळूच म्हणाला. "तिला पक्षी किती आवडायचे! म्हटलं, हाच शोभेल."

पाद्रीबाईंनी त्या फोटोकडे हात करून चार शब्द सांगितले. हिलेवीनेही आपल्या माणसांवर असेच पंख धरले, असे काहीतरी त्या म्हणाल्या. बायका रुमाल शोधू लागल्या. इंग्वेने मला डोळ्याला लावले. दोन्ही फोटो माझ्या भिंगात एकदमच आले. त्याने मला खाली केले.

"तो फोटो," तो मोठ्याने म्हणाला. लोक वळून पाहू लागले. "तो फोटो काढला तेव्हा मी..."

होल्गरने पुढे होऊन त्याला मिठीत घेतले. "नको बोलूस रे. आम्हाला कळतं सगळं."

आणि लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्याच्या हातात कॉफीचा कप दिला. त्याने तो घेतला.

त्याच दिवशी मी कपाटात आलो. इंग्वे अजून ह्याच घरात आहे, फार म्हातारा झाला आहे, खण कधी उघडत नाही. फोटो मात्र क्लबच्या भिंतीवर झळकतो आहे, असे घरी येणाऱ्यांच्या बोलण्यातून माझ्या कानावर येते. शाळेच्या सहलीतली मुले त्याच्यापुढे रांगेने उभी करतात, आणि बाई त्यांना सांगतात, बघा, आईची माया.

मित्रांनो, माझी बुरशी पुसा असे माझे म्हणणे नाही. मला टिपायचे ते टिपून झाले. पण तुमच्या हाती कधी माझ्यासारखा एखादा आला, तर आधी समोरच्या जिवाकडे नुसत्या डोळ्यांनी बघा. फांदी बांधूच नका, आणि बांधलीत तर सोडल्याशिवाय जागचे हलू नका, मग मागे धुके येवो की जग बुडो. आणि त्या फोटोपुढे तुम्ही कधी उभे राहिलात, आणि शेजारचा कोणी "काय माया!" म्हणाला, तर त्याला सांगा की तिला ऊन सोसत नव्हते. इंग्वेच्या तोंडून ते निघणार नाही आता.