भिंतीवरची तलवार

भवानीबाईंनी स्टुलावर चढून भिंतीवरची तलवार खाली काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि वर घट्ट गाठ मारली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढू नये, हे त्यांना कळत होतं. पण निवृत्त नर्स सुनंदा पाच वाजता मुलांना घेऊन येणार होती, आणि त्याआधी भिंत मोकळी व्हायला हवी होती.

म्हैसूरच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेल्या मराठी घराण्यांच्या मंडळाची ही मागची खोली. ती मिळावी म्हणून भवानीबाईंनी तीन महिने हेलपाटे घातले होते. गोळ्या, गांजा, दारू सोडू पाहणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा, रविवारी, एकमेकांशी बोलायला जागा हवी, एवढंच त्यांचं मागणं. मंडळाचे अध्यक्ष मालोजीराव यांनी अखेर किल्ली दिली, पण एका अटीवर. पहिल्याच दिवशी प्रत्येकानं तलवारीच्या मुठीवर हात ठेवून शपथ घ्यायची. गेल्या दसऱ्यात, आयुधपूजेला, त्यांच्या सतरा वर्षांच्या नातवानं, भुवननं, तशीच घेतली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दिवाळीनंतर तो बंगळूरला शिकायला गेला, असं मालोजीराव सांगत.

भवानीबाईंनी अट मान्य केली होती. किल्ली पदराला बांधून होईपर्यंत वाद घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

भवानीबाई खुर्च्या गोल मांडत असताना दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्यावर बॅग.

"अज्जी, सुनंदा मिस आल्या नाहीत? मेटगळ्ळीची बस आज लौकर मिळाली."

"तू विद्याश्री ना? ये, बस."

"इथं भाषण आहे काय? भाषण असलं तर बेडा अज्जी, नकोच, मी चालले. शाळेत ऐकून झालं, घरात ऐकून झालं."

"भाषण द्यायला मला दात कुठं उरलेत?"

मुलगी हसली. खुर्चीच्या कडेवर टेकली. बॅग मात्र खांद्यावरच राहिली.

तेवढ्यात मालोजीराव आले. हातात तबक, तबकात हळदकुंकू आणि शेवंतीचा हार. रिकामी भिंत बघून ते थबकले.

"अक्का, तलवार एल्ली? कुठं गेली?"

"लुगड्यात आहे."

"अय्यो! शब्द दिला होता तुम्ही."

विद्याश्री उठून उभी राहिली. "कसली तलवार?"

"काही नाही ग मगू, पोरी," मालोजीराव मऊपणानं म्हणाले. "मुठीवर हात ठेवायचा, परत घेणार नाही म्हणायचं. झालं."

"आणि परत घेतली तर?"

"आपल्यातलं पोर शपथ मोडत नाही."

विद्याश्रीनं बॅगचा पट्टा नीट केला आणि ती दाराकडे निघाली.

भवानीबाई खुर्चीत बसल्या. त्या बोलू लागल्या त्या मालोजीरावांशी नव्हे, त्या पाठमोऱ्या मुलीशी.

"माझा धाकटा भाऊ होता, खंडोजी. एकोणीस वर्षांचा. मार्केटामागच्या गुत्त्यात दिवस दिवस पडून असायचा. आयुधपूजेला दारात दृष्टीचा भोपळा फोडला, सायकलींना झेंडू बांधले, आणि मी त्याचा हात धरून मुठीवर ठेवला. मीच. एकवीस दिवस त्यानं शपथ पाळली. बाविसाव्या दिवशी प्याला आणि घरी आलाच नाही. प्यालेला आधीही यायचाच की. पण आता शपथ मोडली होती. तलवार टांगलेल्या घरात तोंड कसं दाखवणार? सरगूरला एका भाताच्या गिरणीत राहिला. दोन वर्षांनी पोस्टकार्ड आलं, ते गिरणीवाल्याचं."

मांडीवर त्यांची उजवी मूठ कुणाचा तरी हात धरावा तशी आवळली होती.

विद्याश्री दारातच थांबली.

"ही पोरं पडणार, मालोजीराव," भवानीबाई म्हणाल्या. "पडली की रविवारी इथंच यायला हवीत. शपथ मोडलेलं पोर इथं येईल?"

"म्हणून तुम्ही शब्द मोडणार?"

"मोडला. आणि बघा, मोडूनही इथंच बसलेय तुमच्यासमोर." त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "ही घ्या. पुढच्या रविवारी आम्ही बाहेर पायरीवर बसू. पण बसू."

बाहेरून एक रिक्षा गेली.

विद्याश्री परत आली. खांद्यावरची बॅग काढून तिनं खुर्चीखाली सरकवली.

"सहा आठवडे झाले मला," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "म्हणजे मिसना सहा सांगितलेत. मध्ये एकदा घेतली."

भवानीबाईंनी नुसती मान हलवली.

मालोजीरावांनी तबक खिडकीत ठेवलं आणि लुगड्याचं गाठोडं उचललं. ते पुन्हा भिंतीवर चढवणार, असं वाटून भवानीबाई उठू लागल्या. पण मालोजीरावांनी स्टूल कपाटाला लावलं, चढले, आणि गाठोडं कपाटावर अगदी मागे, खालून दिसणार नाही असं ढकललं. खाली उतरून हात झटकले. खुर्चीवरच्या किल्लीला त्यांनी हात लावला नाही.

दारापर्यंत जाऊन ते वळले. भवानीबाईंकडे न बघता त्यांनी मुलीला विचारलं,

"मेटगळ्ळीहून इथं पाचला पोचायला कुठली बस ग? आमचा भुवन बंगळूरला नाही, तिथंच असतो."

विद्याश्रीनं नंबर सांगितला. मालोजीरावांनी खिशातलं पेन काढलं आणि तो तळहातावर लिहून घेतला.