तेराव्याची मुलाखत

समीक्षकाने मैत्रेयीच्या शोधनिबंधातली एकच गोष्ट वाखाणली होती: तेराव्या प्रोग्रामरचं बोलणं. खाली विचारलं होतं, ‘मग तक्त्यात माणसं बाराच कशी?’

मैत्रेयीने मुलाखती बाराच घेतल्या होत्या. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचणं प्रोग्रामर का टाळतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. दुरुस्तीची मुदत आज पाचपर्यंत. निबंध हुकला तर पीएचडी वर्षभर लांबणार. आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे नावांची यादी, रेकॉर्डिंग, सगळं तिने स्वतःच पुसलं होतं. उरल्या होत्या नुसते क्रमांक घातलेल्या लेखी मुलाखती.

तिचा मामेभाऊ शार्दूल तिच्याच लॅबमध्ये होता. तो लॅपटॉप घेऊन बालाजी घाटावरच्या तिच्या घरी आला.

“काशीत तेराव्याला जेवायला वाढतात, ताई. पेपरात नाही घेत.”

“मजाक पुरे. तेराव्याची फाइल उघड.”

प्रश्न तिचेच होते. मधलं ‘हं, मग?’सुद्धा तिचंच.

‘सध्या कुठे काम करता?’

‘करत नाही. मी लिहिलेलं अजून चालतंय. उघडून कुणी बघत नाही.’

दोघं वेगवेगळे बसून प्रत्येक मुलाखतीतल्या वाक्यांवर विषयवार खुणा करत, मग ताडून पाहत. बाराही मुलाखतींत पानापानावर भांडणं झाली होती. इथे एकही नाही. दोघांच्या खुणा तंतोतंत सारख्या.

“ताई, ही फाइल मी आज पहिल्यांदा बघतोय.”

“मग तुझ्या नावाने खुणा कुणी केल्या?”

“तुझ्या नावाने कुणी केल्या?”

तिने निबंधातला तक्ता उघडला.

“तेरा लिहून टाक ना,” तो हळूच म्हणाला. “किसको पता चलेगा?”

“मला.”

तिने ती फाइल पुसली. निबंधातलं ते बोलणं आणि त्यावर उभा असलेला निष्कर्षही काढला. “आता मुलाखती मोज.”

शार्दूलने मोजलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून पुन्हा मोजलं. “अकरा.”

“नीट मोज.”

“तूच मोज.”

एक ते अकरा. मधला एकही क्रमांक गळलेला नव्हता.

ती बोटांवर चेहरे आठवू लागली. लंका चौकातला दाढीवाला. मांडीवर मूल घेऊन बोलणारी. अकरापर्यंत सगळे आले. बाराव्याला फक्त समोरची खुर्ची आठवली, वाफाळता चहा, आणि कुणीतरी बोलत होतं एवढंच. चेहरा आलाच नाही.

“पाच मिनिटं राहिली,” शार्दूल म्हणाला. “तक्त्यात किती लिहू?”

“निबंध मागे घे.”

“फॉर्ममध्ये कारण विचारतायत.”

“लिही, मी किती माणसांशी बोलले, ते मला सांगता येत नाही.”